खळ्यावरचा ठसका

धावड्याची मिरची काय चीज आहे ते ज्याला ठाऊक नाही, त्याला आधी एवढंच सांगतो. ती वाळत पडली की गावावरून जाणारे कावळे चोच मिटून उडतात. एकदा एक कावळा गाफील राहिला, काव म्हणायला गेला, आणि शिंकत शिंकत जो सुटला तो भोकरदनच्याही पुढं जाऊन टेकला. यातलं अर्धं खरं धरा. अर्धं कुठलं, ते विचारू नका.

दुसरी गोष्ट मात्र पुरती खरी आहे. आमच्याकडे मिरचीच्या खळ्यावर उभं राहून कुणी खोटं बोललं, की त्याला ठसका लागतो. खळ्याबाहेर मुभा आहे, नाहीतर बाजार कसा चालायचा? पण खळ्यावर नाही. म्हणून गावात दोघांचं वाजलं की तिसरा एवढंच म्हणतो, “चला खळ्यावर,” आणि निम्मं भांडण तिथंच विझतं. जो खोटा पडेल त्याला शिक्षाही ठरलेली: वाळल्या मिरच्यांच्या ढिगाशी बसायचं आणि ढीग संपेपर्यंत देठ खुडायचे. हात असे भगभगतात की माणूस पुन्हा खोटं बोलण्याआधी आपल्या बोटांकडे बघतो.

हे केदारला कुणी सांगितलं नव्हतं. तिथंच सगळी गोष्ट सुरू झाली.

केदार जालन्याचा. पोरगा शिकलेला, चष्मेवाला, बोलायला गोड आणि खरं बोलायला भित्रा. जालन्याच्या बाहेर एका जुन्या शेडमध्ये त्यानं रीतसर परवाना काढून एक छोटा कारखाना टाकला होता. त्यात तो मिरचीची लिक्युअर बनवायचा. म्हणजे दारूच, पण गोड. आणि ओक लाकडाच्या पिंपात वर्ष वर्ष मुरवलेली. घरी त्याची आई उमाताई पाहुण्यांना सांगायची, “केदार केमिकलमध्ये आहे.” केदार शेजारी बसून मान खाली घालून पोहे खायचा. आईचं खोटं त्याला ऐकवत नसे आणि खरं बोलायला तोंड उघडत नसे.

तर माघातली दुपार होती. चांगली मिरची शोधत तो धावड्याला आला आणि गाडीतून उतरतो न उतरतो तोच आभाळ भरून आलं. अवकाळी! रखमाजींच्या खळ्यावर मिरची पसरलेली... लालभडक, जणू कुणी शालू वाळत घातलाय. वारं सुटलं, ताडपत्री फडफडायला लागली आणि तिच्या एका टोकाला लोंबकळत एक मुलगी ओरडली, 

“ओ भाऊ! बघत काय राह्यले? धरा की तिकडून!”

केदारनं धावत जाऊन दुसरं टोक धरलं. वारा असा होता की ताडपत्रीसकट दोघंही उडून अजिंठ्याच्या डोंगरावर गेले असते. नाही गेले, कारण गोष्ट इथंच व्हायची होती. मुलीनं नाकातोंडावर ओढणी गच्च बांधलेली. दिसत होते ते फक्त डोळे. आणि तेवढे पुरले.

पाऊस आला तसा गेला. केदारच्या चष्म्यावर थेंब, बूट चिखलात. तिनं ओढणी खाली ओढली आणि हसू दाबलं.

“चष्म्याला वायपर बसवून घ्या, भाऊ.”

“भाऊ नका म्हणू,” केदार म्हणाला, आणि आपण हे मोठ्यानं बोललो हे कळून कानापर्यंत लाल झाला.

ती राजनंदिनी. रखमाजींची एकुलती लेक. बी.एस्सी. करून घरी आली होती आणि बापाच्या मिरचीचा सगळा सौदा फोनवर तीच करायची. गावातली माणसं तिला नंदा म्हणत, व्यापारी मनातल्या मनात काहीतरी दुसरंच म्हणत.

तेवढ्यात रखमाजी आले. धिप्पाड माणूस. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. घरात चहा सोडून कुठली नशा माहीत नाही, आणि चहासुद्धा गुळाचा.

“मिरची पाह्यजे म्हणता? कशासाठी? मसाला का लोणचं?”

केदारनं माळेकडे बघितलं. मग त्या डोळ्यांकडे. खरं सांगितलं तर मिरची जाईल, आणि मिरचीबरोबर...

“औषध,” तो म्हणाला. “औषध बनवतो आम्ही, का—”

आणि ठसका! असा लागला की डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, चष्मा हातात. रखमाजी शांतपणे बघत राहिले. “शहरातलं नरडं आहे,” एवढंच म्हणाले. राजनंदिनीनं तांब्या आणून दिला आणि हळूच विचारलं,

“खोटं बोलले का काय?”

“म्हणजे?”

तिनं खळ्याची रीत सांगितली. हसत हसतच सांगितली. पण केदारनं तांब्या अर्धाच खाली ठेवला. त्यानं मिरची घेतली, गाडीत भरली, आणि जालना येईपर्यंत एकदाही आरशात बघितलं नाही. आरशात जो बसला होता, त्याची त्याला लाज वाटत होती.

मिरचीच्या निमित्तानं फोन सुरू झाले. मिरची ओलसर तर नाही ना? नाही. रंग उतरला का? नाही. आज ऊन आहे का तिकडे?... “ऊन तर जालन्यातबी तेच असंल ना, साहेब,” ती म्हणायची, आणि तरी फोन ठेवायची नाही. भाऊचा साहेब झाला होता, हीसुद्धा प्रगतीच. प्रत्येक वेळी केदार ठरवायचा, आज सांगून टाकू. प्रत्येक वेळी ती विचारायची, “औषध कुठवर आलं?” आणि तो म्हणायचा, “मुरतंय.” जे मुरत होतं ते काय होतं, हे त्यालाच ठाऊक.

एक दिवस ती न सांगता आली. मिरचीची पोती घेऊन पिकअप आली आणि पुढच्या सीटवरून ती उतरली. ड्रायव्हर चहाला गेला. शेडमध्ये पिंपं ओळीनं आडवी पहुडलेली... पोटं सुटलेल्या पाहुण्यांसारखी. ती आत शिरली, आणि तिनं श्वास घेतला.

“केदार.” साहेब गेला होता. “हे औषध न्हाई.”

केदारनं चष्मा काढून सदऱ्याला पुसायला घेतला.

“दारू आहे ही.”

“...हो.”

“आबांच्या खळ्यावर उभं राहून तुम्ही— त्यांच्या गळ्यात माळ आहे, केदार!”

“माळ बघूनच तर जीभ अडली. मग तुमच्याकडे बघितलं आणि... सरकली.” तो पिंपाला टेकून खाली बघत म्हणाला, “रोज सांगणार होतो. रोज स्वतःची शरम वाटत राहिली. घरी आई केमिकल सांगते, तुमच्या घरी मी औषध सांगितलं. जे बनवतो ते चांगलं बनवतो हो, खरंच. फक्त नाव घ्यायला तोंड नाही मला.”

ती दारापर्यंत गेली. तिथं थांबली. वळली नाही, पण गेलीही नाही.

“आमची मिरची आहे ना त्यात?”

“पहिल्या वर्षी बाजारातली होती. तुमची या नव्या पिंपात आहे. अजून कच्ची आहे.”

“दाखवा.”

“काय?”

“माझ्या रानातली मिरची कुठं गेली ते मला बघायचं. दाखवा म्हणते ना!”

केदारनं पिंपाचं बूच काढलं आणि काचेच्या नळीनं थोडीशी लिक्युअर छोट्या पेल्यात सोडली. रंग असा, की उन्हात धरलेला गुळाचा पाक. राजनंदिनीनं आधी वास घेतला. मग मागं वळून बघितलं, जणू माय दारात उभी आहे. मग ओठ लावले.

पहिल्यांदा गोड. काकवीसारखं गोड, पण अंगावर न येणारं. मग लाकूड... जुनी सागवानी पेटी उघडल्यावर येतो ना, तसा गंध. तिनं मनात म्हटलं, एवढंच? मिरची कुठाय? आणि तेव्हा मिरची आली. ठसठसत नाही, चावत नाही; हळूच, जिभेच्या मागच्या दारानं, कानाच्या पाळ्यांपर्यंत. सगळ्या अंगात कुणीतरी शेकोटी पेटवून दिल्यासारखी.

तिचे डोळे मिटले.

“ही... विहिरीकडच्या तुकड्यातली आहे,” ती पुटपुटली. “तिथली मिरची अशीच येते. आधी गप्प बसते.”

“तुमच्यासारखी.”

“मी गप्प बसते?” तिनं डोळे उघडले. पेला पुढं केला. “जरा... अजून दाखवा.”

दुसरा घोट तिनं बघण्यासाठी घेतला नाही. चवीनं घेतला. जिभेवर घोळवला, दातांमागं थांबवला आणि उतरताना स्वतःशीच हसली. ते हसू केदारनं पाहिलं. वर्षभर पिंपाशी बोलणाऱ्या माणसाला अखेर उत्तर मिळालं होतं. आणि त्याच क्षणी तिचा चेहरा पडला. तिनं पेला खाली ठेवला, दोन्ही हातांनी ओढणी डोक्यावर ओढून घेतली.

“काय झालं?”

“लाज वाटू राह्यली मला.”

“प्यायल्याची?”

“न्हाई...” आवाज ओढणीतून आला. “आवडल्याची.”

निघताना केदारनं एक छोटी बाटली पुढं केली. ती न्हाई म्हणाली, बिलकुल न्हाई म्हणाली, ठेवा म्हणते ना तिथंच म्हणाली. बाटली तिच्या पिशवीत कशी गेली, ते पिशवीलाच ठाऊक. तो म्हणाला, “पुढच्या खेपेला मी स्वतः येतो. आबांना सांगतो.” ती म्हणाली, “सांगा.” मग जरा थांबून, “अन् सांगताना माझं नाव घेऊ नका.” आणि हे बोलल्याचीही तिला वाटभर लाज वाटत राहिली.

आता बाटली माळकऱ्याच्या घरात ठेवायची कुठं? तिनं ती लोणच्याच्या बरण्यांमागं सारली. पण तिच्या आईच्या, उषाबाईंच्या घरात बरणी एक बोट सरकली तरी त्यांना झोपेत कळतं. दुसऱ्याच सकाळी बाटली हातात घेऊन त्या उभ्या.

“नंदे, हे काय गं? मिरचीचा वास येऊ राह्यला.”

“ते... गुडघ्याचं औषध, माय. केदार साहेबांनी दिलं. चोळायचं.”

स्वयंपाकघर म्हणजे काही खळं नाही. ठसका लागला नाही. नुसते गाल तापले.

उषाबाई दुखऱ्या गुडघ्यांना ते चोळायला लागल्या. आता मी सांगतो ते पटणार नाही, पण वाटूरला बहिणीच्या घरी लग्न होतं, तिथं उषाबाईंनी अशी फुगडी घातली की समोरची बाई चक्कर येऊन बसली आणि या एकट्याच फिरत राहिल्या. येताना सगळ्या एसटीला सांगत आल्या, “आमच्या मिरचीचं औषध आहे, जालन्याचा पोरगा बनवतो. पोरगं लई गुणाचं!” राजनंदिनी शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होती. जेवढी आई औषधाची तारीफ करी, तेवढी तिची मान खाली जाई.

केदार आला तेव्हा खळ्यावर सगळे होते. देठ खुडायला बसलेल्या बायका, त्यांच्यात पुढं वंदनाकाकू. लिंबाखाली बाजेवर रखमाजी. त्यांना खोकल्यानं धरलं होतं, आवाज भाकरीच्या तव्यासारखा खरखरीत. राजनंदिनी ढिगापलीकडं उभी. केदारनं तिच्याकडे बघितलं. आज सांगायचं. तोंड उघडलंच होतं, तोच घरातून उषाबाई बाटली आणि चमचा घेऊन ठणठणीत पायांनी आल्या.

“बरं झालं बाई, वैद्यच आले! ऐकलं का, यांनाच इचारा.” चमच्यात सोनेरी धार पडली. “गुडघ्यात उतरलं, तर नरड्यात का न्हाई उतरायचं?”

रखमाजींनी चमचा हातात घेतला. एका हातानं माळ नीट केली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं,

“काय हो, हे चोळायचंच आहे, का पिलं तरी चालतं?”

केदारला क्षणभर काहीच कळेना. गुडघा? चोळायचं? त्यानं राजनंदिनीकडे बघितलं. तिनं डोळे गच्च मिटले होते, आणि त्याला सगळं कळलं.

बघा आता. केवढी सोपी सुटका! ‘चोळायचंच आहे’ एवढे दोन शब्द. रखमाजींची माळ वाचते, तिचं नाव झाकतं, मिरची मिळत राहते, येणं-जाणं चालू राहतं. घशात खाज उठली. ती दाबून टाकताही आली असती. माणसं दाबतातच. केदारनं ओठ उघडले...

“पिऊ नका, काका,” तो म्हणाला. “चोळूही नका. ती दारू आहे.”

घशातली खाज अर्ध्या वाटेवरून परत फिरली.

खळ्यावर अशी शांतता झाली की मिरची वाळल्याचा आवाज यावा.

“मी दारू बनवतो. पहिल्या दिवशी इथंच उभं राहून औषध म्हणालो. तुमची माळ बघितली आणि भ्यालो. तेव्हापासून तोंड दाखवायची शरम वाटते, तरी येत राहिलो. मिरचीसाठी येत होतो असंही म्हणणार नाही. तेही इथं बोलता येणार नाही.”

वंदनाकाकूंनी देठ खुडता खुडता शेजारणीला कोपर मारलं.

उषाबाई बाटलीकडे बघत होत्या, मग गुडघ्यांकडे. “म्हंजी मी... गुडघ्यांना दारू पाजू राह्यले व्हते?” त्या मटकन खाली बसल्या. “अगं बाई! माळकऱ्याची बायको, अन् गुडघे दारुडे!”

बायकांत हसू फुटलं. केदारला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. पण धावड्याची काळी जमीन उन्हाळ्याशिवाय दुभंगत नाही.

“माय,” राजनंदिनी पुढं आली. नजर पायांच्या अंगठ्यावर. “चोळायचं सांगितलं ते मी. यांनी न्हाई. अन् आबा... मी पिले ती. दोन घोट. पहिला बघायला.” तिचा आवाज अगदीच बारीक झाला. “दुसरा... आवडला म्हणून.”

रखमाजींनी चमचा अलगद मातीत उलटा केला. बराच वेळ खोकले. मग केदारला जवळ बोलावलं.

“माझी मिरची मटणातबी जाते. मी काय मटण खातो? खळ्याबाहेर मिरची गेली की तिचं नशीब वायलं. तुझा धंदा तुझ्यापाशी. पण मी इचारलं, अन् तू मला फसवलं. माळ काय चावणार व्हती तुला?”

“नाही, काका.”

“त्या दिवशी ठसका लागला तवाच समजलं मला. वाट बघू राह्यलो व्हतो, कधी बोलतो ते. आज चोळायचं म्हणला असता ना, तर मान डोलावली असती मी. अन् पुन्हा या खळ्यावर पाय ठेवू दिला नसता.” त्यांनी ढिगाकडे बोट केलं. “बस. रीत ती रीत.”

केदारनं बाह्या सारल्या आणि बायकांच्या ओळीत, जालन्याचा शिकलेला कारखानदार, मांडी घालून बसला. वंदनाकाकूंनी त्याच्या बोटांकडे बघून च्च च्च केलं. राजनंदिनी आली आणि ढिगाच्या दुसऱ्या बाजूला बसली.

“अगं, तू कशापायी?” उषाबाई ओरडल्या. “तू तर घरात खोटं बोलली, खळ्यावर न्हाई! तुला कुठं शिक्षा आहे?”

तिनं ओढणी बांधली आणि देठ खुडायला लागली.

कट्... कट्... ऊन कलत गेलं. बायका एकेक करून उठल्या, कुणाला धारा काढायच्या होत्या, कुणाला उगाच. ढीग अर्धा उरला, आणि ढिगाच्या दोन बाजूंना हे दोघं. केदारची बोटं निखाऱ्यासारखी झाली होती. केसांची एक बट चष्म्याच्या आत डोळ्यावर आली आणि त्याचा हात वर गेला.

“थांबा!” ती ओरडली. “आंधळे व्हायचं का? मिरचीचा हात आहे तो.”

“मग काय करू?”

तिनं इकडंतिकडं बघितलं. गुडघ्यांवर सरकत पुढं आली, मनगटानं ओढणी खाली ओढली आणि त्याच्या कपाळावर हळूच फुंकर घातली. बट उडाली. चष्म्याची काच धुकटली. त्या फुंकरीची झोंब कुठल्या पिंपात मुरली होती कोण जाणे, पण ती केदारच्या थेट कानाच्या पाळ्यांपर्यंत गेली.

“आता दिसतं?”

“नाही,” तो म्हणाला. “पण राहू दे.”

ती घाईघाईनं जागेवर गेली. कट्... कट्...

“राजनंदिनी.”

“हं.”

“तुम्हाला शिक्षा नव्हती. का बसलात?”

“ढीग जल्दी संपावा म्हणून.” तिनं घसा जरासा खाकरला.

“माझ्यासाठी नाही?”

“तुमच्यासाठी?” तिनं मान ताठ केली, डोळे मोठे केले. “मी काय म्हणून बसू तुमच्यासाठी? कोण लागता तुम्ही माझे? बिलकुल न्ह—”

आणि ठसका!

असा ठसका धावड्यात कुणी ऐकला नव्हता. लिंबावरची पाखरं उठली, गोठ्यातली म्हैस दावं ताणून उभी राहिली. राजनंदिनी दोन्ही हात हवेत धरून खोकतेय, डोळ्यांतून धारा, आणि केदार आधी घाबरला, मग थबकला, मग त्याच्या चेहऱ्यावर जे पसरत गेलं ते लपवायला त्याचेही हात मोकळे नव्हते.

उषाबाई तांब्या घेऊन दारातून धावल्या.

“थांब, उषा,” लिंबाखालून रखमाजींचा खरखरीत आवाज आला. त्यांनी कूससुद्धा बदलली नव्हती. “पाणी नको देऊ. आधी खरं बोलू दे तिला.”

राजनंदिनीनं ढिगात तोंड लपवायचं तेवढं बाकी ठेवलं. मान इतकी खाली, की आवाज मिरच्यांतूनच आल्यासारखा वाटला.

“...बसले,” ती म्हणाली. “तुमच्यासाठीच बसले.”

ठसका थांबला.